आसूढाळ घोडी

"हिच्यात वाईट काय आहे, ते तरी सांगा, बाबा!"

तापीकाठच्या घोडेबाजारात, भर माणसांत, अजबसिंग गिरासे आपल्या उस्तादाला विचारत होता.

उस्ताद म्हणजे लतीफबाबा. बाबा जुने फकीर. मारवाडी, काठेवाडी, सिंधी घोडा, नाहीतर डोंगरातलं साधं तट्टू… बाबांचा हात पाठीवरून फिरल्याखेरीज सौदा होत नसे. अजबसिंग आठ वर्षं त्यांच्याजवळ होता. पारख त्याला आली होती. आलीय, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

समोर काठेवाडी घोडी उभी होती. अंग गडद तांबूस, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. तिला घेऊन सुरजी पावरा सातपुड्यातून तीन दिवस चालत आला होता. घोडी दारात आली त्याच महिन्यात त्याचा थोरला भाऊ ताडावरून पडून गेला. गावानं बजावलं होतं, घोडी परत आणलीस तर तूही येऊ नकोस.

सकाळी बाबांनी तिच्या डाव्या डोळ्याखालच्या केसांच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं होतं.

"आसूढाळ."

एवढंच. आसू ओघळतात त्या जागी भोवरा, म्हणजे धन्याच्या घरी रडारड. बाजारातली पोरंटोरंही हे जाणत. गिऱ्हाइकं पांगली, ती पुन्हा फिरकली नाहीत.

"हिची छाती बघा. पाय बघा. तुमच्या एका शब्दापायी हा माणूस सकाळपासून उन्हात उभा आहे."

"भोवरा आहे. आहे म्हणालो."

"त्यानं माणूस मरतो?"

"मरतो."

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय… बिनखोडीच्या घोड्यांचे धनीही मेलेलेच पाहिले."

भोवतीची माणसं हसली. अजबसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग हे सकाळी का नाही बोललात?"

"कुणी विचारलंच नाही."

अजबसिंग तसाच वळला. लिंबाखाली त्याचा स्वतःचा घोडा बांधला होता. अस्सल मारवाडी, शुभलक्षणी पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. बड्या बड्या बागायतदारांना त्यानं तो दिला नव्हता. त्यानं घोडा सोडला आणि लगाम सुरजीच्या हातात कोंबला.

"घे. अदलाबदल. तुझी घोडी माझी."

सुरजी मागं सरला. "नको, दादा. घरी बायको-पोरं असतील तुझी. माझा भाऊ गेलाय…"

"मी काय घेतोय ते कळतंय मला."

"चिडून सौदा करू नये, दादा."

"चिडूनच करतोय!"

खोगीर घालायलाही तो थांबला नाही. उघड्या पाठीवर मांड टाकली आणि ओरडला, "ऐका रे! आजपासून हिचा धनी मी. माझ्या घरी रडारड ऐकू येते का, ते बघायला या सगळे!"

आणि त्यानं टाच मारली.

बाजाराला एक फेरी. मग नदीची वाळू. मग पुन्हा बाजार. जिथं चार डोकी दिसतील, तिथून तो मुद्दाम गेला. घोडी अशी पळाली, की सकाळी तोंड फिरवलेले व्यापारी पालांतून बाहेर आले.

"काय घेशील रे हिचं?" एकानं हाक दिली.

"तुला? तुला तर मुळीच नाही!"

सुरजी केव्हाच वाटेला लागला होता. मागं वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

दिवस कलायला आला तेव्हा अजबसिंग बाबांपुढं येऊन थांबला. खाली उतरला. छाती पुढं, मान ताठ.

"बघा, बाबा! दुपारपासून हिच्या पाठीवर आहे. हाड न् हाड शाबूत. आता बोला."

बाबा घोडीकडे पाहत होते.

"उद्याही बसेन. परवाही बसेन. तुमच्या त्या भोवऱ्याला म्हणावं, काय करायचं ते कर!"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. गिऱ्हाइकासाठी ते कधी उठत नसत. घोडीच्या मानेखाली त्यांनी तळवा ठेवला. काढला तेव्हा तो घामानं चिंब होता.

अजबसिंग वाट पाहत राहिला…

"तू जिवंत आहेस, ते दिसतंय मला," बाबा म्हणाले. "हिला पाणी दाखवलंस?"