टिटवी आणि पन्नास बटणांची चौकट

नदीकाठच्या दाट जंगलात एक टिटवी राहत असे. मुलांनो, त्या जंगलाचे स्वतःचे संकेतस्थळ होते. बाहेर पडण्याआधी प्रत्येक प्राणी आपल्या छोट्याशा फोनवर ते उघडून पाही आणि मगच पाऊल उचली. पाणवठ्यांची बातमी टिटवी लिही, फळांची खार आणि पायवाटांची साळिंदर. ज्या चौकटीत ते मजकूर लिहीत, तिला सगळे एडिटर म्हणत. एडिटर जुना होता, त्यात बटणे चारच होती. खोड एवढीच, की मध्येच नेटवर्क गेले तर अर्धा लिहिलेला मजकूर पुसला जाई.

एके दिवशी जंगलाच्या प्रमुखाने, हत्तीने, संकेतस्थळ नवे करण्याचे काम कोल्ह्यावर सोपवले. कोल्ह्याने स्वतः कधी एक ओळही लिहिली नव्हती, पण त्याला झगमगाट फार आवडे. त्याने पन्नास बटणांचा एडिटर आणला. त्यात अक्षरे रंगत, फिरत, फुगत. सभेत कोल्ह्याने हत्तीचे नाव सोनेरी अक्षरांत नाचवून दाखवले, आणि हत्तीने खूश होऊन सोंड हलवली. "हाच ठरला!"

"महाराज, लिहिणार आम्ही. मग आम्हाला कुणी विचारलं का?" टिटवीने मागून आवाज दिला.

कोल्हा हसला. "ताई, तुम्ही फक्त लिहायचं. निवडायचं काम जाणकारांचं."

आठवडाभर तिघांनी नव्या एडिटरशी झटापट केली. खारीची जांभळांची यादी चित्राखाली दडून बसली. साळिंदराला एक शब्द ठळक करायचा होता, तर सगळा मजकूरच उलटा झाला. दोघे एकमेकांच्या कानाशी कुरकुरत, पण हत्तीसमोर जायची त्यांची छाती होत नव्हती. टिटवीला मात्र कुरकुरणे जमत नसे. ती सरळ हत्तीपुढे जाऊन उभी राहिली.

"या चौकटीत मी एक ओळही लिहिणार नाही. माझी बातमी वाचून प्राणी पाण्यावर जातात. ती चुकली, तर कुणाचा तरी जीव जाईल."

"सगळे लिहितात, तुलाच काय धाड भरली?" हत्ती गरजला. "लिहायचं नसेल, तर कामावर यायचं नाही!"

"नाही येणार," टिटवी म्हणाली आणि उडून गेली. आपली जागा गेली, याचे तिला फार वाईट वाटले. पण बोललेला शब्द मागे घ्यावा, असे तिला एकदाही वाटले नाही.

तिसऱ्याच दिवशी दुपारी शिकाऱ्यांनी उत्तरेच्या पाणवठ्याभोवती गवतात फास लावले. टिटवीने ते वरून पाहिले. उन्हे कलली की कळप पाण्यावर येणार होते. ती धापा टाकत कोल्ह्याकडे गेली. "उत्तरेच्या पाणवठ्यावर फास लावलेत, लगेच बातमी टाक! आणि साध्या अक्षरांत टाक, सजवत बसू नकोस."

"आता तुम्ही इथे लेखक नाही, ताई," असे म्हणत कोल्ह्याने मोठमोठ्या लाल अक्षरांत मथळा लिहिला : 'उत्तरेच्या पाणवठ्यावर जाऊ नका'. त्याच्या गुहेतल्या रुंद पडद्यावर तो झोकात दिसला. पण प्राण्यांच्या छोट्या फोनवर ती फुगलेली अक्षरे मावली नाहीत. शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला आणि उरले एवढेच : 'उत्तरेच्या पाणवठ्यावर जाऊ'.

"चला, आज उत्तरेकडे!" म्हणत हरणांचा कळप निघाला.

टिटवीला झाडावरून धूळ दिसली. ती बाणासारखी खाली आली आणि कळपाच्या तोंडासमोर घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडू लागली, "मागे फिरा! गवतात फास आहेत!" कळप जागीच थबकला. पण पुढे गेलेल्या एका हरिणीचा पाय अडकलाच. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून साळिंदर धावत आले. त्याने दातांनी दोर कुरतडला, आणि शिकारी पोहोचण्याआधी हरिणी लंगडत निसटली.

संध्याकाळी हत्तीने सभा बोलावली. कोल्हा म्हणाला, "एडिटर उत्तमच आहे. प्राण्यांचे फोनच लहान!"

हत्तीने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. तो टिटवीला म्हणाला, "झालं गेलं विसर. उद्यापासून कामावर ये."

"अशी नाही येणार," टिटवी ताठ मानेने म्हणाली. "मला काढलंत, त्याचं मला काही नाही. पण आम्हाला न विचारता आमच्या हातात काहीही द्याल आणि आम्ही मुकाट्याने घेऊ, हे आता चालायचं नाही. जुना धरून चार एडिटर मागवा. एकच बातमी आम्ही चारही ठिकाणी सर्वांसमोर लिहू, आणि प्राणी आपापल्या फोनवर वाचतील. जो आम्हाला लिहायला सोपा आणि त्यांना वाचायला नीट, तोच घ्यायचा."

मग खार टुणकन उडी मारून टिटवीच्या शेजारी उभी राहिली. "मलाही हेच म्हणायचं होतं. भीतीपोटी गप्प बसले." साळिंदरही काटे फुलवून तिच्या दुसऱ्या बाजूला आले. लंगडणारी हरिणी सगळ्यांत शेवटी आली, आणि तिच्यामागे अख्खा कळप.

हत्तीला मान डोलवावी लागली. दुसऱ्या दिवशी भर सभेत चारही एडिटर तपासले गेले. मुलांनो, टिटवीने जुन्याचा हट्ट धरला नाही. अर्धा मजकूर गिळणारी ती चौकट तिने स्वतःच बाद केली. तिघांनी सात बटणांचा, लिहिलेले जपून ठेवणारा एडिटर निवडला. कोल्ह्याला मात्र हत्तीने महिनाभर रोज त्यात एक बातमी लिहायला लावली. पहिल्याच दिवशी तो घामाघूम होऊन टिटवीकडे आला. "ताई, जरा शिकवाल का?"

टिटवीने पंखाने जागा झाडली आणि म्हणाली, "बस. पण आधी तुला काय अडतंय, ते सांग. मी विचारल्याशिवाय शिकवत नाही."

तात्पर्य : ज्याला रोज हत्यार वापरायचे, त्याला विचारूनच ते निवडावे, आणि कोणी विचारत नसेल, तर वापरणाऱ्याने न भिता 'नाही' म्हणावे.