फिरकीचा तांब्या

एकदा एक तरुण उपदेशक रोज सकाळी घरचे पाणी बरोबर घेऊन सुवार्ता सांगायला निघे आणि रोज संध्याकाळी हिरमुसून परत येई. त्याचे नाव शमुवेल. पोस्टातली बरी नोकरी सोडून तो या सेवेत आला होता आणि चर्चच्या मंडळीने त्याला एका वृद्ध, निवृत्त पाळकांच्या हाताखाली शिकायला ठेवले होते. या पाळकांना सारे आबा म्हणत. आबा कमी बोलत, आणि जे बोलत ते ऐकणाऱ्याला लगेच कळावे, याची त्यांना फारशी घाई नसे.

ओढ्यापलीकडे एक वाडी होती. दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी पंधरा-वीस घरे. शमुवेल तीन महिने तिथे जात होता. लोक त्याला बसायला पोते अंथरत, ऐकून घेत, मान डोलावत. पुढच्या खेपेला मात्र बायका आत जात आणि पुरुषांना नेमके काहीतरी काम आठवे. कोणी भांडले नाही, कोणी हाकलले नाही. हाकलले असते तर बिचाऱ्याला निदान कारण तरी कळले असते.

"आबा, पालथ्या घड्यावर पाणी!" एका बुधवारी तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "येत्या रविवारी मी मंडळीला सांगून टाकतो. हे काम माझे नाही. देवाने मला बोलावले, असे मला उगीच वाटले."

आबा त्याच्या पिशवीकडे पाहत होते. पिशवीत पुस्तिका होत्या आणि एक फिरकीचा तांब्या होता. झाकण फिरवून घट्ट बसवायचा, प्रवासात नेतात तसला. दोन वर्षांपूर्वी शमुवेलला कावीळ झाली, तेव्हा डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितले होते. कावीळ गेली, तांब्या राहिला.

"घडा कोणाचा पालथा आहे, ते आधी बघू," आबा म्हणाले. त्यांनी तांब्याची फिरकी काढली, उरलेले पाणी अंगणातल्या पपईला ओतले आणि रिकामे भांडे त्याच्या हाती दिले. "रविवारपर्यंत पुस्तिका घरी ठेव. वाडीवर जा, पण सुवार्तेचा एक शब्दही काढू नकोस. तिथून तांब्या भरून आण."

"आणि मग?"

"मग पपईला घालू."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द होते, मारही होता; फक्त आपण शहाणे आहोत की नाही, हेच शमुवेलला कळेना.

गुरुवारी त्याने वाडीवरच्या शाळेच्या नळाला तांब्या लावला आणि भरून आणला. आबांनी तो खरोखरच पपईला घातला. "नळाला काय म्हणालास?"

"नळाला काय म्हणायचे, आबा?"

"तेच विचारतो आहे मी."

शुक्रवारी तो घराघरांसमोरून नुसताच फिरला. आजवर ज्या दारांत तो देणारा म्हणून उभा राहिला, तिथे भांडे पुढे करायचे? त्याला फार लाज वाटली. कोरड्या घशाने तो परत आला. म्हातारपणामुळे आबांची बुद्धी चळली असावी, असेही त्याच्या मनात आले. त्याने लगेच देवाची क्षमा मागितली, पण तो विचार काही गेला नाही.

शनिवारी दुपारी ऊन मी म्हणत होते. वाडीच्या शेवटच्या घरी गजराबाई ओट्यावर केरसुण्या बांधत बसली होती. या ओट्यावर शमुवेल तीनदा येऊन बसला होता. आता तहान अशी लागली होती की लाज मागे पडली. त्याने तांब्या पुढे केला. "बाई, प्यायला पाणी मिळेल का?"

गजराबाईचा हात थांबला. तिने तांब्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"आमच्या हातचं चालंल तुमाला?"

"म्हणजे? न चालायला काय झाले?" शमुवेल गोंधळला.

"तीनदा आलासा. तीनदा मी पानी आणून ठेवलं. तीनदा तुमी नगं म्हनलासा आन् ह्या भांड्यातलं प्यालासा. आमाला ते नवं न्हाई, भाऊ. पर शेवटच्या खेपंला तुमी गोष्ट कंची सांगितलीसा? तुमचा देव दमून हिरीवर बसला, आन् त्याची मान्सं जिच्या भांड्याला शिवत न्हवती, त्या बाईकडंच त्यानं पानी मागितलं. माझं डोळं भरलं हुतं बघा. म्हनलं, असा बी देव असतुया? आन् मधीच तुमचा घसा सुकला. माझा तांब्या तुमच्या गुडघ्यापाशी हुता. तुमी तुमची फिरकी काढलीसा. पुढचं मी आयकलंच न्हाई."

शमुवेल ओट्यावर बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाडीतली सगळी दारे का मिटत गेली, ते त्याला एका क्षणात दिसले. "बाई, मला कावीळ झाली होती," तो कसाबसा म्हणाला. "उकळलेलेच पाणी प्यायचे असे सांगितले होते. दुसरे काहीही नव्हते हो."

गजराबाईने कपाळावर हात मारला. "मग त्ये तोंडानं सांगायचं न्हाई व्हय? आमी कसं वळखायचं?" ती उठून चुलीकडे गेली. "थांबा, उकळून देते."

"नको, आहे तसेच द्या."

"गप बसा. परत कावीळ झाली तर माझ्या पान्याचं नाव हुईल!"

पाणी उकळले, मग दोन भांड्यांत वर-खाली करून निवत ठेवले. तासभर गेला. त्या तासात गजराबाईने अपघातात गेलेल्या थोरल्या लेकाबद्दल सांगितले. अशा दुःखासाठी शमुवेलला कितीतरी वचने पाठ होती. पण बोलायची बंदी होती, म्हणून तो ऐकत राहिला आणि तिला शिंदीची एकेक पात हाताशी देत राहिला. पाणी निवल्यावर तो पोटभर प्यायला. उरलेले तिने तांब्यात भरून दिले.

"त्या हिरीवरल्या बाईचं पुढं काय झालं?" तिने विचारले.

"रविवारपर्यंत मला सांगायची मनाई आहे," तो ओशाळून म्हणाला.

गजराबाई हसली. "मग सोमवारी या."

संध्याकाळी आबांनी तांब्या हातात घेतला. तो अजून कोमट होता. ते पपईकडे गेले नाहीत. तिथेच उभे राहून दोन घोट प्यायले.

"देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, शमुवेल, आणि घेणाऱ्याचा खाली. तू तीन महिने वरचाच हात घेऊन गेलास. आपला प्रभू त्या विहिरीवर खरोखर तहानलेला होता. आपण मात्र पोटभर पिऊन त्याच्या तहानेची गोष्ट सांगायला निघतो. ज्यांच्या घरचे पाणी आपल्याला नको, त्यांना आपला शब्द का हवा असेल?"

"तुम्हाला हे ठाऊक होते, आबा? मग सरळ सांगितले का नाही?"

"मी सांगितले असते तर तू पाणी मागितले असतेस; तहान लागून मागितले नसतेस." आबांनी तांब्याची फिरकी लावली. "चाळीस वर्षांपूर्वी मी एका घरचा चहा नाकारला होता. माझा उपास होता, पण तसे बोललो नाही. ते दार पुन्हा उघडले नाही. त्याची खंत मला अजून आहे."

रविवारी मंडळीतल्या वडीलजनांनी विचारले, "या आठवड्यात सुवार्ता किती जणांना सांगितली?" शमुवेल उभा राहिला. "मी कोणालाच नाही," तो म्हणाला. "मला एका बाईने सांगितली. पण हे कसे झाले, ते मला अजून नीट कळलेले नाही." वडीलजनांनी एकमेकांकडे पाहिले. काम सोडण्याची गोष्ट मात्र त्याने काढली नाही.

सोमवारी तो वाडीवर गेला. तांब्या घरीच होता. गजराबाईने पोते अंथरले आणि गोष्ट ऐकायला शेजारच्या दोघींना हाक मारली. शमुवेल बसता बसता म्हणाला, "बाई, आधी पाणी द्या."