लिंबाच्या बुडाची धूळ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर दुपारचे आडवे व्हायचे आणि नद्या त्यांची झोप मोडू नये म्हणून वळसा घालून जायच्या. त्या काळी जुने ट्रॅक्टर आपसात बोलायचे. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कुठले आले ट्रॅक्टर? होते. तुम्ही होता का बघायला? मग गप ऐका.

तर एका राज्यात चिंचेचं मोठं रान होतं. एका साली वणवा लागला आणि रान जळून गेलं. झाडं गेली, बुंधे राहिले. काळेकुट्ट, हत्तीच्या पायाएवढे. राजाने दवंडी पिटवली, "जो आपल्या वाट्याचे बुंधे मुळासकट काढील, त्याची ती जमीन. सावरीचा कापूस उडायला लागेपर्यंत मुदत. तोवर एक जरी बुंधा राहिला, तरी जमीन दुसऱ्याला."

हैबती नावाचा एक तरणा गडी होता. त्याच्या वाट्याला अकरा बुंधे आले. स्वतःचं म्हणावं असं वीतभर रान त्याच्यापाशी नव्हतं, त्यामुळे त्याला आनंद झाला तो मावेना. तो आणि त्याची बायको गजरा, दोघं कुदळ-कुऱ्हाड घेऊन पहिल्या बुंध्याला भिडले. आठ दिवस भिडले. नवव्या दिवशी त्या बुंध्याने फक्त एक जांभई दिली.

गजराने हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि नवऱ्याच्या ओंजळीत ठेवल्या.

"ट्रॅक्टर आणा," ती म्हणाली. "पुढे बकेट असलेला, मागे खोदायचा पंजा असलेला. नवा काही यात यायचा नाही, जुनाच बघा. पण नीट बघा हं. पाटल्या एकदाच निघतात."

"बघतो की. मला काय कळत नाही?"

"कळतं हो. तरी आईला बरोबर न्या."

पाटल्या कमरेला बांधताना हैबतीची गाठ दोनदा चुकली.

गजराची आई म्हणजे ठमाबाई. वय विचारलं तर म्हणायची, कालच्यापेक्षा एका दिवसाने जास्त. तिच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. तो कुठे गेला म्हणून कोणी विचारलं, की दर वेळी नवं उत्तर. एकाला सांगायची मगरीने खाल्ला, दुसऱ्याला सांगायची शेजारणीने विरजणाला नेला. हैबतीने लग्नात भीत भीत विचारलं होतं, तर भर मांडवात म्हणाली, "जावईबापू, तुमच्या आहेरातच घातला की! गाठोडं सोडून बघितलं नाही होय?" तेव्हापासून त्याने त्या पायाकडे बघायचंच सोडलं होतं.

दोघं निघाले. वाट पळसांतून जात होती. पळस असे फुलले होते, की उन्हालाच कळी आल्यासारखं वाटत होतं. पुढे मोहाची झाडं लागली आणि त्या झाडांखाली होता जुन्या ट्रॅक्टरांचा बाजार. मोहाची फुलं टपटप पडत होती. त्यांच्या वासाने माणसांच्या पापण्या जड व्हायच्या, आणि ट्रॅक्टरांच्याही. ते सावलीत बैलांसारखे उभे होते आणि हळू आवाजात आपापल्या जुन्या शेतांच्या आठवणी काढत होते.

सगळ्यात पुढे एक लाल ट्रॅक्टर होता. रंग इतका ताजा, की माशी बसली तर चिकटावी. त्याच्यापाशी उभा असलेला शेठ हैबतीकडे बघून लांबूनच ओळखीचं हसला.

"या मालक! बसा, बसून तर बघा!"

मालक! हैबतीला आजवर कोणी मालक म्हटलं नव्हतं. तो चढून बसला. त्याने भोंगा दाबला. भोंग्यातून सनई वाजली. खटका ओढला, तशी बकेट झर्रकन वर गेली, थेट मोहाच्या फांदीला लागली आणि फुलांचा पाऊस पडला.

"मी डोंगर उचलीन, डोंगर!" लाल ट्रॅक्टर गुरगुरला.

"मामी, हाच," हैबती वरूनच ओरडला.

ठमाबाईने हाताची सावली करून वर बघितलं. "छान आहे हो. सनई ऐकून बुंधे आपणहून उठतील आणि वरातीत नाचत जातील."

शेजारी चार माणसं फिसकन हसली. हैबतीचे कान लाल झाले.

ठमाबाई पाय ओढत पुढे गेली. पार कडेला एक ट्रॅक्टर उभा होता. रंग म्हणावा तर भिजलेल्या गोणपाटासारखा. बसायच्या जागी खरोखरच गोणपाट शिवलेलं होतं. राणोजी नावाचा एक म्हातारा त्याच्या पंज्याच्या सांध्यांत बोटाने ग्रीस भरत होता, जसं कुणी घरच्या दुखऱ्या माणसाला तेल लावावं तसं.

"का विकता, दादा?" ठमाबाईने विचारलं.

"गुडघे गेले."

"याचे?"

"माझे."

"याला काय काय येतं?"

"खोदतो. उचलतो." म्हाताऱ्याने बोटावर आणखी ग्रीस घेतलं. "सनई नाही येत."

तो ट्रॅक्टर काहीच बोलला नाही. हैबतीने त्याच्या चाकाला पायाने ठोसा दिला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मामी, हा बघून गावातली कुत्रीसुद्धा भुंकणार नाहीत."

"मग झोप तरी चांगली लागेल. थांबा, जावईबापू. आमच्यात एक रीत आहे."

हैबतीला ही रीत कधी माहीत नव्हती. माहीत असणार कशी? ठमाबाईने ती त्याच घटकेला काढली होती.

तिने दोन्ही ट्रॅक्टरांच्या बकेटी दगडांनी भरायला लावल्या. मग दोन्ही बकेटी छातीइतक्या वर उचलायला लावल्या आणि इंजिनं बंद करवली. मग कनवटीची लिंबं, मिरच्या आणि दोऱ्याचं रीळ काढलं. लिंबांच्या बुडाला बोटभर तेल चोपडलं. प्रत्येक बकेटीच्या काठाला एकेक लिंबू-मिरची लांब दोऱ्याने बांधली, अशी की मिरच्या वर आणि लिंबू खाली, जमिनीपासून चार बोटं अधांतरी.

"दृष्ट लागू नये म्हणून," ती शेठला म्हणाली. "आता मी घटकाभर झोपते. झोपेत देवाचा कौल येतो, कुठला घ्यायचा ते."

शेठ खूश झाला. लिंबू बांधलं म्हणजे सौदा झाल्यातच जमा. "झोपा की आजी, सावली आपलीच आहे!"

"तोवर दगड काढू नका हं. देव रागावतो."

आणि ती मोहाच्या बुंध्याला टेकून घोरायलासुद्धा लागली. लाजेने मेला नाही एवढंच, पण हैबतीही तिच्याशेजारी बसला. पाटल्या कमरेला घट्ट बांधलेल्या होत्या. मोहाचं एक फूल त्याच्या कपाळावर पडलं, दुसरं पापणीवर. ऊन पिवळं झालं, मग मधासारखं घट्ट झालं, आणि बाजाराचा गलका पाण्याखालून यावा तसा येऊ लागला.

त्या गुंगीत त्याला बोलणं ऐकू आलं.

"बाबा रे," लाल ट्रॅक्टर कण्हत होता, "हात भरून आला. आता वर कोण बघतंय? सोडू का थोडा?"

"मला नको विचारू," दुसरा आवाज आला, जुना, गोणपाटासारखा खरबरीत.

"तुझा नाही दुखत?"

"दुखतो की."

"मग?"

"मग काय. धरलंय."

फुलं पडत राहिली. मग हैबतीला अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दिसलं, की शेठ चवड्यांवर चालत आला, लाल ट्रॅक्टरापाशी खाली बसला, दोऱ्याला काहीतरी केलं आणि तसाच चवड्यांवर परत गेला. स्वप्नात माणसं काय वाट्टेल ते करतात, असं म्हणून हैबतीने कूस बदलली.

जाग आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. ठमाबाई उठून पान लावत होती.

"बघा बरं, जावईबापू."

हैबतीने बघितलं. दोन्ही लिंबं जमिनीपासून चार बोटं अधांतरी होती. तो टुणकन उठला. "मामी, दोन्ही सारखीच! मग लालच घेऊ."

"घ्या की. फक्त लिंबू उलटं करून बघा."

त्याने राणोजीच्या ट्रॅक्टराचं लिंबू उलटं केलं. तेलाने चकचकत होतं. मग लाल ट्रॅक्टराचं उलटं केलं. त्याच्या बुडाला धूळ बसली होती, जाड, पिवळी, आणि धुळीत एक मुंगी चिकटून पाय झाडत होती. त्याने दोरा बघितला. दोऱ्याला मधेच एक नवी गाठ. मग त्याने मान वर केली. मघाशी छातीइतकी असलेली बकेट गुडघ्यापर्यंत उतरली होती.

स्वप्नातला शेठ त्याला आठवला. खरा शेठ मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला सनई ऐकवायला केव्हाच निघून गेला होता.

"देवाचा कौल आला का, मामी?" हैबतीने खाली मान घालून विचारलं.

"देवाला कशाला त्रास? मुंगीने दिला."

त्याने पाटल्या राणोजीच्या हातात ठेवल्या. म्हाताऱ्याने त्या बघितल्यासुद्धा नाहीत. ट्रॅक्टराच्या नाकाडावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी गार असतो. ओरडू नका त्याला. आपणहून जागा होतो."

गावातली कुत्री खरंच भुंकली नाहीत. हैबतीला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं, आणि वाईट वाटून घ्यायला वेळ राहिला नाही. मागच्या पंज्याने बुंध्याभोवती खोदायचं, आडवी मुळं तोडायची. मग ट्रॅक्टर फिरवून बकेटीला साखळी लावायची आणि बुंधा एका बाजूने वर उचलून धरायचा. खाली सोटमूळ राहायचं, नांगराच्या इसाडासारखं, मांडीएवढं जाड. ते कापायला कोणीतरी खड्ड्यात उतरायला हवं. ट्रॅक्टर हैबती चालवायचा. खड्ड्यात गजरा उतरायची. ठमाबाई बांधावर बसून दोघांना नावं ठेवायची.

एक बुंधा, दोन बुंधे, करता करता दहा निघाले. अकरावा सगळ्यात मोठा. त्या दिवशी सकाळी सावरीची बोंडं तडकताना ऐकू येत होती. हैबतीला घाई झाली. घाईत त्याचं डिझेल बघायचं राहिलं.

बुंधा वर कलला. त्याच्याखाली गजरा करवत घेऊन शिरली. वरून तिचा नुसता अंबाडा दिसत होता.

आणि इंजिन धापा टाकून बंद पडलं.

रानात एकदम इतकी शांतता झाली, की करवतीचा आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. गजरा आपली कापतच होती. हैबतीच्या हातातला खटका त्याला बर्फासारखा लागला. हत्तीएवढा बुंधा, एक साखळी, दोन लोखंडी हात, आणि खाली गजरा. त्याची नजर बकेटीवर खिळली.

बकेट जागची हलली नाही. एक बोट नाही, एक जव नाही.

"ए पोरी," बांधावरून ठमाबाईने हाक मारली, अगदी जेवायला बोलवावं तशी, "वर ये बघू आधी."

गजरा अंग झटकत वर आली. "काय झालं? बंद का केला?"

हैबती खाली उतरला आणि गोणपाट शिवलेल्या बैठकीवर डोकं टेकून तसाच उभा राहिला. फार वेळाने त्याने सासूकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या डाव्या पायाकडे.

"विहीर खणत होतो आम्ही," ठमाबाई म्हणाली. आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "खाली मी, वर रहाटावर तुमचे सासरे. एवढा मोठा दगड त्यांनी एका दमात वर घेतला. काठावरची सगळी माणसं वाहवा करायला लागली. वाहवा ऐकायला त्यांनी मान वळवली आणि रहाट हातातून सुटला." तिने डावा पाय जवळ ओढला. "अंगठ्यावर भागलं."

मग तिने पदराने तोंड पुसलं. "आता डिझेल आणता, की मी मगरीकडून मागून आणू?"

हैबती पळत जाऊन डिझेल घेऊन आला. दुपार कलायच्या आत सोटमूळ तुटलं आणि अकरावा बुंधा खड्ड्यातून बाहेर आला. तो जमिनीवर टेकला, त्याच घटकेला सावरीचं पहिलं तडकलेलं बोंड उकललं. कापूस हळूहळू रानावर तरंगू लागला, आणि त्यातलं एक पीस जाऊन बकेटीच्या काठावर बसलं. तिथे सुकलेल्या मिरच्यांखाली ते लिंबू अजून लटकत होतं.

जमीन हैबती आणि गजराची झाली. लाल ट्रॅक्टर कुणा दुसऱ्या मालकाने नेला. म्हणतात की तो त्याच्या परसात उभा आहे, बकेट जमिनीला टेकून. बकेटीत कोंबडी अंडी घालते, आणि सणासुदीला घरचे सनई तेवढी वाजवून घेतात.

म्हणून मुलांनो आणि म्हाताऱ्यांनो, उचलताना सगळेच जोरात दिसतात. निवडायचा तो, जो उचललेलं धरून ठेवतो.