फिरकीचे वेढे

त्या राज्यात प्रत्येक वेल काठीवर उजवीकडूनच चढत असे. तशी रीत होती, आणि ती कुणी घातली हे विचारायची मात्र रीत नव्हती. उजवं म्हणजे चांगलं, असंच सगळे धरून चालत. वाऱ्याचा महिना लागण्याआधी ज्या कोंबाचे वेढे काठीला घट्ट बसत नसत, तो मुळासकट उखडून जाई. म्हणून घेवडेगुरुजी सगळ्या कोंबांना रोज वेढे शिकवत, आणि आया काळजीनं सुकून जात.

मायाळूची कूस फार उशिरा उजवली होती. लेकीचं नाव तिनं हौसेनं फिरकी ठेवलं, आणि पोरीनं ते भलतंच मनावर घेतलं. दिवसभर ती काठीभोवती फिरे, पण डावीकडून. संध्याकाळी मायाळू येऊन बघे, कपाळावर हात मारून घेई, शेंड्यापासून सगळे वेढे सोडवी आणि पोरीला पुन्हा उजवीकडून नीट गुंडाळी. सकाळी पाहावं तर पोर काठीच्या बुडाशी सैल पडलेली.

"पोरगी हुशार आहे हो, पण लक्षच नाही," घेवडेगुरुजी म्हणाले. "घरी सराव कमी पडतोय."

मायाळूनं सराव वाढवला. लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं, शेजारच्या पडवळाच्या पोरांकडे बोट दाखवलं, एकदा तर केळीच्या सोपटानं बांधूनही ठेवलं. काही उपयोग झाला नाही. आता तिचं डोकंच चालेना. पोर आळशी म्हणावी तर दिवसभर राबत होती. ढ म्हणावी तर बाकी सगळं तिला एका सांगण्यात कळत होतं. मग घोडं अडतंय कुठे?

शेवटी एका संध्याकाळी न राहवून तिनं विचारलं, "तुला जमत नाही, की तुला करायचंच नाही?"

फिरकीनं आईकडे नवलानं पाहिलं. "अगं आई, मी रोज चढते की. संध्याकाळी तूच उतरवतेस."

मायाळू रागावणार होती. पण पोर उलट बोलतेय की खरं बोलतेय, हेच तिला कळेना. गुरुजी खोटं कशाला सांगतील? आणि पोर तरी कशाला सांगेल? मग तिनं नेहमीसारखे वेढे सोडवायला घेतले.

त्याच वेळी वारा आला. त्या वर्षी तो लवकर आला होता.

वरचे निम्मे वेढे सोडवून झाले होते. मायाळूनं घाईघाईनं ते उजवीकडून गुंडाळले, वाऱ्यानं ते लगेच उलगडले. तिनं पुन्हा गुंडाळले, पुन्हा उलगडले. खालचे, तिचा हात अजून न लागलेले वेढे मात्र काठीला गच्च धरून होते. मायाळू त्यांच्याकडे बघत राहिली. तिला अतोनात भीती वाटत होती.

"उजवीकडून! उजवीकडून!" पलीकडून गुरुजी ओरडत होते.

तिनं लेकीचा फडफडणारा शेंडा हातात धरला आणि ती थांबली. जन्मात तिनं डावा वेढा घातला नव्हता. तो कसा घालतात, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"कुठून गं?" तिनं विचारलं.

"इकडून, आई."

मायाळूचा हात सवयीनं उजवीकडे गेला, अडखळला. फिरकीनं तो धरून हळूच वळवला, आणि दोघी काठीभोवती फिरू लागल्या, लेक पुढे आणि आई तिच्या मागे.