तीन कुलपांतला शालू

राजे हत्तीवरून फिरत आणि भिंग नावाची चीज आपल्या मुलखात कुणाला ठाऊकही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यातला रोग मोठ्यांनाच जडतो.

कोष्ट्यांच्या एका गावात रखमाजी नावाचा म्हातारा विणकर होता. त्याने पदरावर विणलेले मोर उडतात का ते बघायला पोरं टाळ्या वाजवायची. हात सोन्याचा, पण स्वभाव महासंशयी. दूध पातळ आलं की त्याचा डोळा गवळ्यावर, मागावरचा दोरा तुटला की शेजाऱ्यावर. देवापुढे हात जोडले, तरी अर्धं लक्ष बाहेरच्या वहाणांकडे.

अशा या रखमाजीला राजकन्येच्या लग्नाचा शालू विणायचा मान मिळाला. त्या गावची एक रीत होती. लग्नाचा शालू मागावरून उतरला की पेटीत जायचा, आणि नवरी तो नेसेपर्यंत विणकराखेरीज कुणाची नजर त्यावर पडायची नाही. बाकीचे लोक पेटीला कडी लावत. रखमाजीने तीन कुलपं लावली आणि किल्ल्या गळ्यात अडकवल्या. तरी त्याला चैन पडेना. दर सोमवारी खोलीचं दार लावून तो पेटी उघडायचा आणि शालू कुणी बदलला तर नाही ना, हे बघायचा. दिवा धरायला मात्र सून लागे. तेवढ्यापुरती रीत त्याने सैल केली होती.

सुनेचं नाव गोजरा. तिला दिसेल ते उचलून आणायची खोड. खाली पडलेलं सुगरणीचं घरटं, सापाची कात, भुंग्याचे पंख, नाना तऱ्हेच्या बिया, सगळं एका टोपलीत जमवलेलं. ‘हे असं का?’ हा प्रश्न दिवसभर तिच्या तोंडी. एकदा एक परदेशी व्यापारी गावात आला, तेव्हा मोरपिसांची जुडी देऊन तिने त्याच्याकडून भिंग घेतलं. मुंगीच्या मिशा दाखवायला तिने गल्लीतल्या बायका जमवल्या. बायका किंचाळून पळाल्या. रखमाजी हे दारातून बघत होता. त्याच्या कपाळावर आठी चढली ती उतरलीच नाही.

एका सोमवारी दिवा धरता धरता गोजरा वाकली.

“मामंजी, इथं काठाशी रेशीम कुरतडल्यागत दिसतंय.”

“कुठं? मला नाही दिसत.”

तिने कनवटीचं भिंग काढून काठावर धरलं. रखमाजीने डोळा लावला आणि दचकून मागे सरला. बोटाएवढी केसाळ अळी रेशमावर वळवळत होती. भिंग बाजूला केलं, तर काही नाही. पुन्हा धरलं, पुन्हा अळी.

“हिच्यातच आहे ती!” तो ओरडला. “काच काढली की माझा शालू स्वच्छ. काच ठेवली की किडा. मला काय खुळा समजतेस?”

“कसर आहे ती, मामंजी, रेशीम खाणारी. काचेतून मोठी दिसते, इतकंच. सकाळच्या कोवळ्या उन्हात शालू पसरू, नीट झटकू. निघून जाईल.”

“उन्हात पसरू? म्हणजे गावानं माझी नक्षी उचलायची! कुणी पढवलंय तुला? त्या व्यापाऱ्यानं? आणि कसर असलीच, तर तुझ्या त्या घरट्यांतनंच आली असणार.”

गोजराने थोडा विचार केला. “आली असेलही. कुठनं आली ते मागाहून शोधू. आधी हिला काढू.”

आता इतकं सरळ बोलणं संशयी माणसाला पचायचं कसं? रखमाजीला वाटलं, चोर कबूल झाला. त्याने भिंग हिसकावून विहिरीत फेकलं आणि टोपली उकिरड्यावर उपडी केली. पेटी बंद करून तिच्या फटी मेणाने बुजवल्या. सुनेला पुन्हा खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, आणि काही बघायचंच नको म्हणून सोमवारचं उघडणंही सोडलं. गोजराने चारदा विनवलं. मग तीही गप्प झाली.

लग्नाचा दिवस आला. राजवाड्यातले मानकरी दारात आले, वाजंत्री वाजू लागली. रखमाजीने मेण खरवडलं, तिन्ही कुलपं काढली आणि शालू दोन्ही हातांनी वर उचलला. काठ त्याच्या हातात राहिला, बाकीचा शालू तुकड्यातुकड्यांनी पायाशी पडला. मोरांच्या जागी नुसती भोकं होती.

वाजंत्री थांबली. मानकरी शेजारच्या गावाकडे वळले. राजकन्या दुसऱ्याच विणकराचा शालू नेसून बोहल्यावर उभी राहिली.

रखमाजीने सवयीने आजूबाजूला पाहिलं. दोष द्यायला कुणीच उरलं नव्हतं. किल्ल्या तर त्याच्याच गळ्यात होत्या. म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

डोळे पुसत त्याने विचारलं, “सूनबाई, तू बघितलंस तेव्हा केवढं होतं गं ते?”

गोजराचेही डोळे भरून आले होते. “तिळाएवढं, मामंजी,” ती म्हणाली.

बोध: ज्याला आधी चोर हवा असतो, त्याला घरातलं नुकसान दिसत नाही.