उतरायची घाई

एकदा एक फरशीचा व्यापारी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैमानिक व्हायला निघाला. हौस म्हणून नव्हे, तर प्रवासी नेणारा, पगार घेणारा, पुरता व्यावसायिक वैमानिक. आपल्याकडे असे काही कोणी बोलून दाखवले की लोक आधी पोट धरून हसतात, मग तब्येतीची चौकशी करतात, आणि तीही त्याच्या बायकोकडे. या व्यापाऱ्याच्या वाट्याला दोन्ही आले. त्याने कॉमर्स केलेले, म्हणून बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र नव्याने द्यावे लागले. परीक्षेच्या वर्गात तो शिरला तेव्हा मुले पर्यवेक्षक समजून उठून उभी राहिली. त्याने ते गिळले. पेपर दिले, पास झाला, वैद्यकीय तपासणीतून निघाला, दुकान धाकट्या भावाच्या हवाली केले आणि माळावरच्या एका प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. मात्र जे जे गिळले होते ते आत राग होऊन बसले होते.

तिथे शिकवणारा गुरू सत्तरीचा होता. उभे आयुष्य त्याने मोठी विमाने चालवण्यात घालवले होते आणि आता दोन आसनांच्या लहानशा विमानात शिकाऊ मुलांशेजारी बसत होता. बोलणे मोजके. कौतुक तर त्याहून कमी.

गुरू शेजारी नसताना विमान एकट्याने उडवायचे आणि एकट्याने उतरवायचे, याला तिथे सोलो म्हणत. सोलो झाल्याशिवाय परवान्याची वाट पुढे सरकत नाही. व्यापाऱ्याच्या मागून आलेली पोरे सोलो करून मोकळी झाली. त्यांना मिशाही धड फुटलेल्या नव्हत्या, आणि ती त्याला "काका, टेन्शन घेऊ नका, तुमचंही होईल" म्हणून धीर देत. तो धीर त्याला चपराकीसारखा लागे. गुरू मात्र रोज एवढेच म्हणे, "अजून नाही."

एके दिवशी गुरू म्हणाला, "उद्या वारा शांत असला तर बघू." व्यापाऱ्याने यातले 'बघू' ऐकलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेढे घेऊन, बायकोला घेऊन आणि मुद्दाम मेहुण्याला घेऊन हजर झाला. हा मेहुणा म्हणजे हसणाऱ्यांचा मुकादम. "दाजी, नातवंडांना कागदाची विमानं करून द्यायच्या वयात हे काय काढलंत?" असे तो भर लग्नात पंगतीला बसून बोललेला. व्यापाऱ्याने त्याची गुरूशी ओळख करून दिली आणि त्याला कुंपणापाशी उभे केले. आज याचे तोंड बंद करायचेच, असा त्याचा निश्चय होता.

गुरू शेजारी बसला. विमान वर गेले, फेरी मारून उतरायला आले. थोडे उंच होते. व्यापाऱ्याने नाक खाली दाबले.

"वर घ्या," गुरू म्हणाला.

उतरण सोडून द्यायची, इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, म्हणजे थ्रॉटल, पुढे लोटून पुन्हा वर चढायचे आणि पूर्ण फेरी मारून यायचे, असा त्याचा अर्थ. व्यापारी चरफडत वर गेला. दुसऱ्या खेपेला विमान जरा तिरके आले. त्याने ते ओढून सरळ केले, धावपट्टी हाताच्या अंतरावर आली, आणि पुन्हा तेच. "वर घ्या." तिसऱ्या खेपेला मात्र सगळे जिथल्या तिथे होते. उंची बरोबर, वेग बरोबर, विमान धावपट्टीच्या मधोमध. एवढी सुरेख उतरण त्याला आजवर साधली नव्हती.

"वर घ्या."

व्यापाऱ्याने गुरूकडे पाहिले. मग कुंपणाकडे पाहिले. तेवढ्यात गुरूने विमान स्वतःच्या हातात घेतले, वर नेले, फेरी मारून आणले आणि स्वतःच उतरवले. "आज पुरे," एवढे बोलून तो खाली उतरला.

आता मात्र व्यापाऱ्याचे डोके फिरले. मुले ऐकत होती, बायको ऐकत होती, मेहुणा तर कान टवकारून ऐकत होता, पण त्याला कशाचीच शुद्ध राहिली नाही.

"काय चुकलं होतं त्यात? सांगा ना! त्या परवाच्या पोरानं तीनदा आपटलं विमान, त्याला सोडलंत एकट्याला. माझं वय झालंय म्हणून ना? मग तसं तोंडावर सांगा! सगळे सांगतात, तुम्हीही सांगा! वर्षभर माझा वेळ कशाला खाल्लात?"

गुरूही रागावला होता. त्याचा राग आवाजात नव्हता, डोळ्यांत होता.

"तुमच्या वयाचा विषय मी एकदाही काढलेला नाही. तुम्हीच तो रोज विमानात घेऊन बसता," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला तुम्ही उंच होतात. ते तुम्हाला कळलं होतं, तरी नाक दाबलंत. दुसऱ्या खेपेला तिरके होतात, तरी ओढून आणलंत. तिसरी उतरण उत्तम होती, तिथं मी मुद्दाम थांबवलं. हात थ्रॉटलवर जातो का ते बघायचं होतं. नाही गेला. तुम्ही कुंपणाकडे बघत बसलात. अहो, ते विमान धावपट्टीवर उतरत नव्हतं, तुमच्या मेहुण्याच्या तोंडावर उतरत होतं! ही पोरं येतात तेव्हा त्यांना वाटतं, आपल्याला काही होत नाही. ते खूळ मी काढतो. तुम्हाला वाटतं, आपल्याकडे वेळच उरला नाही. म्हणून एक फेरी जास्त मारायची म्हटलं की दुकानात गेलेली सगळी वर्षं तुम्हाला डोळ्यांपुढं दिसतात. उद्या तुमच्या पाठीमागं माणसं बसतील. त्यांचा काय संबंध तुमच्या त्या वर्षांशी? हातातोंडाशी आलेली उतरण सोडून जो परत वर जाईल, त्याच्याच हाती मी माणसं देईन. मग तो विशीचा असो नाहीतर साठीचा."

परतताना गाडीत मेहुण्याने विचारले, "म्हणजे दाजी, अजून उतरताच येत नाही होय?" उत्तर व्यापाऱ्याच्या जिभेवर आले होते, पण त्याने ते दिले नाही. राग गेला नव्हता. तो तसाच धगधगत होता, फक्त आता तो गुरूवरचा नव्हता. आपण पाहत होतो आणि आपला उजवा हात जागचा हलला नाही, हे त्याला राहून राहून आठवत होते.

पुढे एका साध्याशा सकाळी गुरू विमानातून उतरला, त्याने बाहेरून दार लावले आणि तो म्हणाला, "एक फेरी मारून या." पाहायला कोणी आलेले नव्हते. व्यापारी एकटाच वर गेला. फेरी मारून उतरायला आला तेव्हा सगळे ठीक होते. धावपट्टी जवळ आली आणि बाजूच्या वाऱ्याने डावा पंख उचलला, विमान मधल्या रेषेवरून सरकले. थोडेसेच. ओढून आणता आले असते.

त्याचा हात पुढे गेला. इंजिन गरजले आणि विमान पुन्हा आकाशाला लागले. गेला सोलो, असे त्याच्या मनात आले, आणि वर चढता चढता त्याने वळणावरून खाली पाहिले. गुरू धावपट्टीच्या कडेला उभा होता, तो आता पाठ फिरवून चहाच्या टपरीकडे चालू लागला होता.

व्यापाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर राबलो, आणि हा माणूस माझे पहिले उतरणेही बघायला थांबत नाही! त्याने ते मोठ्याने म्हटलेदेखील. ऐकायला शेजारी कोणी नव्हते.

मग रिकाम्या आसनाकडे पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले. म्हातारा जे पाहायला उभा होता, ते त्याचे पाहून झाले होते.

राहिलेली फेरी त्याने घाई न करता मारली.