तीनदा मागितलेला कौल

तुमच्या-माझ्या खापरपणजोबांचं बारसंही व्हायचं होतं, तेव्हाची गोष्ट. एका बारमाही नदीच्या काठी एक गाव होतं. गावचा देव जागृत होता आणि माणसं भाविक होती. फक्त एक खोड होती त्यांना.

काही नवं करायचं झालं की ते देवाला कौल लावत. गुरव देवाच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे एकेक कळी पाण्याने चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की मंडळी म्हणत, "कळी ओली होती," नाहीतर, "वारा सुटला होता." मग पुन्हा कौल लागे. देव हो म्हणेपर्यंत लागे. आणि एकदा हो म्हणाला की सगळे अगदी मनापासून म्हणत, देवाचीच इच्छा, दुसरं काय!

त्या गावात एक सुतार राहायचा. पावसाळा सरला की पोफळीची खोडं आणि बांबू घालून नदीवर साकव बांधायचं काम त्याच्याकडे होतं. पलीकडच्या गावाला जायचा तोच एक पूल. या वर्षी तर सुताराची लेक वैशाखात त्याच साकवाच्या पलीकडे नांदायला जायची होती.

साकवासाठी कौल लागला. गुरवाने विचारलं, "दरसालच्या जागी साकव घालतो. राजी आहेस ना म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा," मंडळी एका सुरात म्हणाली.

डावी कळी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि गावचा प्रमुख, ज्याला सगळे गावकर म्हणत, तो हातातला नारळ घेऊन पुढे सरसावला.

"थांबा," सुतार म्हणाला. "दोनदा नाही म्हणाला तो. तिसऱ्यांदा आपण त्याला कंटाळवलं. मी तिथे खांब रोवायचा नाही."

"मग कुठे रोवतोस? माझ्या डोक्यावर?" गावकराने विचारलं.

सुताराने गुरवाला एकच कौल लावायला सांगितला. वरच्या अंगाला नदी दोन कातळांमधून जाते, तिथे साकव घालू का? गुरवाने हात काढला न काढला, तोच उजवी कळी खाली आली.

गावाला हे मुळीच रुचलं नाही. ती जागा लांब, वाट चढाची आणि झाडीझुडपांतून जाणारी. गावाने जुन्या जागी आपला आपण साकव घातला. सुतार आणि त्याची बायको दोघंच कातळावर राबली आणि त्यांनी दुसरा उभा केला.

आता गंमत अशी की, गावाचा साकव चांगला टिकला. कार्तिक गेला, पौष गेला, फाल्गुन गेला. खालच्या साकवावरून माणसं, बकऱ्या, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया खुशाल ये-जा करत आणि वरच्या साकवावर खंड्या पक्षी मासे खात बसे. "सुतारा, तुझ्या देवाने पूल खंड्यासाठी बांधून घेतला वाटतं," लोक म्हणत. सुतार हसे, पण रात्री कुशीवर वळून जागा राही.

लग्न आठ दिवसांवर आलं आणि व्याह्यांचा निरोप आला. "गावाशी फटकून वागणाऱ्याची सोयरीक आम्हाला नको. तो वरचा साकव मोडा, तरच वऱ्हाड निघेल."

बायको रडकुंडीला आली. "मोडा हो. लेकीपेक्षा का लाकडं मोठी?"

सुतार देवळात गेला. गुरव कळ्या घ्यायला उठला, तसा त्याने हाताने त्याला थांबवलं. "कौल नको. दिलेला पुरे आहे." मग देवाकडे बघून म्हणाला, "तू सांगितलंस ते मी विसरलो नाही. पण मला भीती वाटते. तेवढी सांभाळ." आणि तो रडला. रडल्यावर त्याला फार हलकं वाटलं.

घरी येऊन त्याने लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मोडू नका. त्यांना काय ते कळवा. त्यावर ते आले तर मी आनंदाने जाईन."

निरोप गेला. व्याही तणतणले, पण नवरा मुलगा समंजस होता. तो म्हणाला, "लग्न पुलाशी नाही माझं." लग्नाच्या सकाळी वऱ्हाड वाजतगाजत निघालं, अर्थात खालच्या वाटेने.

आदल्या रात्री दूर डोंगरावर वळीव कोसळला होता. नदी लाल होऊन आली. गेल्या पुरात जुन्या जागेखालची माती पोखरली गेली होती, वर नुसती वाळूची साय उरली होती. माणसांना हे दिसलं नव्हतं. व्याह्यांनी साकवावर एक पाय ठेवला, खांब कलला, त्यांनी पाय मागे घेतला आणि सबंध साकव सनईच्या सुरात वाहून गेला.

अलीकडे गाव, पलीकडे वऱ्हाड, मध्ये नदी. मुहूर्त टळतोय की काय, म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले. तेवढ्यात सुतार काठाने वर पळत जाऊन ओरडला, "व्याहीबुवा, इकडून या. कातळ पक्का आहे."

वऱ्हाड निमूट चढ चढू लागलं. वैशाखाचे दिवस, दुतर्फा करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. आधी पोरांनी हात घातला, मग करवल्यांनी, मग वाजंत्र्यांनी सनई काखेत मारून. साकव ओलांडून व्याही उतरले तेव्हा त्यांचेही ओठ काळेनिळे होते आणि राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी सुताराला मिठी मारली. गावकर एवढंच म्हणाला, "सुतारा, आम्ही देवाला विचारत होतो, पण ऐकत नव्हतो." मग पागोटं सावरून तो स्वतः पंगतीत वाढायला उभा राहिला.

लग्न मुहूर्तावर लागलं. लेक कातळावरच्या साकवावरून सासरी गेली आणि अख्खं गाव तिला पोचवायला त्याच वाटेने चढलं.

देवाने एकदा वाट दाखवली की लोकांना पटेपर्यंत थांबायचं नसतं, चालू लागायचं असतं.